बंद अभ्यासिकेतील हवा आणि दुपारनंतर न लागणारे लक्ष

परीक्षार्थी_पुणे:
मी पुण्यातील एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करतो. २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि १० फूट उंच अशा खोलीत आम्ही तीस जण बसतो, आणि एसी सुरू असल्यामुळे खिडक्या दिवसभर बंद असतात. दुपारी तीननंतर एकाच परिच्छेदावरून डोळे पुन्हा पुन्हा फिरतात, परंतु आशय डोक्यात शिरत नाही. गच्चीवर पंधरा मिनिटे उभे राहिले की काही काळ बरे वाटते. हा केवळ जेवणानंतरचा सुस्तपणा आहे, की बंद खोलीतील हवेचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो?

वातायन:
जेवणाचा वाटा असेलच, पण आधी हिशेब पाहू. आपल्या खोलीचे आकारमान सुमारे ८५ घनमीटर आहे. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तीस जणांचा ५४० लिटर होतो. खोली पूर्ण बंद मानली, तर बाहेरच्या हवेतील सुमारे ४२० पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग) १००० पीपीएमपर्यंत पोचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. फटींमुळे प्रत्यक्षात हा वेग कमी असेल. मात्र साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएम अशा हवेत प्रत्येकी अडीच तास बसवून त्यांची निर्णयक्षमता तपासली होती. नऊ निकषांपैकी १००० पीपीएमवर सहा आणि २५०० पीपीएमवर सात निकषांत घसरण दिसली. गंमत अशी, की एकाच कामात गढून राहण्याचे गुण २५०० पीपीएमवर उलट वाढले, तर पुढाकार आणि डावपेच आखण्याची क्षमता पार ढासळली.

शंकेखोर:
एवढ्यावरून सारा दोष कार्बन डायऑक्साइडला देणे घाईचे होईल. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात २५ जणांवर केलेल्या प्रयोगात शुद्ध कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमपर्यंत वाढवूनही कामगिरीत फरक पडला नाही. परंतु वायुवीजन कमी करून, म्हणजे माणसांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या इतर वायूंसह तीच पातळी गाठली, तेव्हा डोकेदुखी, झोपाळूपणा आणि विचारातील धूसरपणा वाढला. माझ्या मते कार्बन डायऑक्साइडचा आकडा हवा किती शिळी झाली आहे हे सांगणारी खूण म्हणूनच वापरावा.

धूलिकण:
सूक्ष्मकणांचा मुद्दा राहिला. कॅनडात २५ निरोगी प्रौढांना दोन तास पातळ केलेला डिझेलचा धूर दिला, तेव्हा मेंदूच्या एमआरआयमध्ये त्यांच्या विश्रांतीच्या वेळी एकत्र काम करणाऱ्या भागांमधील ताळमेळ कमी झालेला आढळला. जर्मनीतील तीन बुद्धिबळ स्पर्धांतील १२१ खेळाडूंच्या चालींची सभागृहातील हवेशी सांगड घातली असता, पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्मकण) दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढल्यास चूक होण्याची शक्यता २.१ टक्के बिंदूंनी वाढते असे दिसले, आणि वेळेचा ताण असताना हा परिणाम अधिक तीव्र होता. परीक्षार्थींनी एवढे तरी लक्षात ठेवावे. खोलीवर रात्री मच्छर कॉइल लावून वाचत असाल, तर ते आधी बंद करा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्मकण बाहेर पडू शकतात.

परीक्षार्थी_पुणे:
कॉइल रोजच लावतो. अभ्यासिकेची एक खिडकी रहदारीच्या रस्त्यावर, तर दुसरी मागच्या बोळात उघडते. अभ्यासिकेचे चालक हवा शुद्ध करणारे यंत्र बसवण्याच्या विचारात आहेत, त्याने भागेल का?

वातायन:
नाही. ते यंत्र कण गाळते, कार्बन डायऑक्साइड काढत नाही. बोळाकडची खिडकी थोडी उघडी ठेवून समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवायला सांगा. यंत्र घ्यायचेच असेल, तर ते त्याच्या जोडीला असू द्या.