फाल्गुनातले पक्षी: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, खारघर
थंडी सरली आणि पळस-सावर फुलले की सेंट्रल पार्कात फिरायला खरी मजा. हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात, इथल्यांची घरट्यांची लगबग सुरू झालेली असते. कॅमेरा नसला तरी चालेल, काय दिसलं ते लिहा.

माझी सुरुवात काटेसावरीपासून. पानं गळून गेलेली, त्यामुळे पक्षी लपत नाहीत. सकाळी सातलाच तिथे पंगत बसते: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि भोरड्यांचा थवा. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. भोरडी फुलात अख्खी मान घालते नि कपाळाला पराग फासून बाहेर येते. एप्रिलपर्यंत या बायका मध्य आशियाच्या वाटेला लागतात, तेव्हा उशीर करू नका.

ठाणे, वर्तकनगर
येऊरला जा, पण रविवार टाळा. गाड्या नि गाणी यांपुढे दयाळासारख्या गाणाऱ्या पक्ष्याचंसुद्धा काही चालत नाही. आडवारी ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तकाचा नर दिसला. पांढरी शेपटी फितीसारखी मागे तरंगत होती. फोटो? हललेला. असू दे.

वाशी
आमच्या आवारात शेवगा आहे. त्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने तांबटाच्या जोडीने भोक पाडलं. अगदी गोल, गिरमिट लावून पाडावं तसं. दोघं आळीपाळीने आत शिरत आणि चोचीत भुसा घेऊन बाहेर येत. 'टुक टुक' करताना चोच बंदच असते, गळा तेवढा फुगतो, हे दुर्बिणीतून बघेपर्यंत मला माहीत नव्हतं.

मग पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची नोटीस लागली. वाळकं ते आधी तोडायचं, हा सगळीकडचा नियम. तांबटाला मात्र मऊ, वाळकंच लाकूड लागतं. सेक्रेटरींना गच्चीवर नेऊन दाखवलं. गाड्या उभ्या राहतात तिकडच्या फांद्या गेल्या, ही राहिली. तुमच्याकडेही छाटणीआधी एकदा वर बघायला सांगा. आवारात पाण्याची उथळ थाळी ठेवण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं, असं माझं मत.

ऐरोली
रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणारे हमखास चुकतात ते भरती-ओहोटीत. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलावर पांगून चरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यातले बरेच नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून काल दिसले त्याच वेळी आज दिसतीलच असं नाही. थव्यात राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं. गुलाबी रंग शेवाळासारख्या खाद्यातून हळूहळू चढतो. खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण भरतीला बसायची ती तळी खाडीच्या हद्दीबाहेर. तीच आधी भरावात जातील, ही धास्ती आहे.

कोपरखैरणे
मला कावळा-कबुतरापलीकडे काही ओळखता येत नाही. पहाटे चारला कोणीतरी 'किक-किक-किक' करून झोप उडवतं. हा कोण?

धागाकर्ती
कोकिळा असणार. कुहू घालतो तो काळा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि आवाज असा कर्कश. उजाडल्यावर जवळच्या वडा-पिंपळात शोधा, फळं खायला येते.