दत्तक मुलांचा फॉलोअप २ वर्षांनी थांबतो, त्याबद्दल

दत्तक घेतल्यानंतर कुटुंबाला मिळणारा सपोर्ट यशस्वी झाला का हे कसं मोजायचं, तर मूल संस्थेत परत गेलं नाही म्हणजे यशस्वी, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात नाही पटलं. काराच्या (दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ च्या नियमांत दर ६ महिन्यांनी, २ वर्षं फॉलोअप आहे, पण आमची लेक सहा वर्षांची असताना घरी आली तेव्हा रात्री उशीखाली पोळी लपवून झोपायची, आणि फॉलोअपच्या भेटीला आलेल्या ताईंनी वजन-उंची लिहून घेतली, फोटो काढले, पंधरा मिनिटांत निघाल्या, पोळीचं सांगायचं राहूनच गेलं. खरी ओढाताण तर तेराव्या वर्षी, जन्मदात्या आईबद्दल विचारत दार लावून बसायची, आणि तोवर फॉलोअप कधीच संपलेला. सपोर्टचं यश मोजायचंच तर पाच-सात वर्षांनी आईबापांना आणि मुलाला वेगवेगळं बसवून विचारा ना, अडलं तेव्हा फोन कोणाला केलात आणि तो उचलला का.