वजनकाट्यावरची सकाळ: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
आज पहाटे गोदापार्कवर एक पोरगा पळताना दिसला. पंधरा-सोळाचा असेल. मे महिना, साडेसहालाच अंगाला घाम, आणि याच्या अंगात पावसाळी रेनकोट, आत स्वेटर, डोक्याला माकडटोपी. लोक वळून बघत होते. हातात पाण्याची बाटली होती, पण तो पीत नव्हता. तिच्यात थुंकत होता, अंगातलं पाणी घालवून वजन उतरवायला. मी जागच्या जागी उभा राहिलो.

1996 ची बॉक्सिंगची राज्य स्पर्धा. माझा गट 54 किलो. आदल्या दुपारी वजन 56 च्या वर. सीबीएस स्टँडवरून रात्रीची एसटी, तोंडात चिंच धरून रात्रभर रुमालात थुंकत बसलो. झोप नाही. सकाळी काटा 54.2. दोघांनी टॉवेलचा आडोसा धरला, चड्डीसुद्धा उतरवली, तरी थोडं वर. सरांनी कात्री मागवून तिथेच केस कापले. मग दोरीवरच्या उड्या. वेळ संपायला दहा मिनिटं असताना काटा 54 वर थांबला आणि मी रडलो, आनंदानं.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, दोन ग्लास. दुपारी रिंगमध्ये उतरलो तर पाय माझे नव्हतेच. दुसऱ्या राउंडला समोरच्याचा साधा उजवा बसला. पंचांनी आठ मोजले म्हणतात, मला पाचच ऐकू आले. लढत थांबवली. त्या मुलाला मी आधी दोनदा हरवलं होतं.

हरल्याचं आता काही नाही. पण घरी आईनं दार उघडलं आणि क्षणभर तिनं मला ओळखलंच नाही, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तुमच्यापैकी कोणी काट्यावर उभं राहिलं असेल, पोरांना उभं केलं असेल, नुसतं पहाटे उठून फाईट बघत असाल, लिहा. वादग्रस्त निकाल, नवे बॉक्सर, सगळं चालेल.

डावखुरा_सातपूर
चिंच!! आम्हाला लिंबू दिलं होतं. बाकी सगळं तेच. शिफ्टला निघालोय, रात्री लिहितो.

रविवार_आधी_फाईट
मी कधी ग्लोव्ह घातला नाही, फक्त प्रेक्षक. अमेरिकेतली फाईट आपल्याकडे रविवारी सकाळी संपते, त्यामुळे आमच्या घरी नियम आहे, आधी फाईट मग मिसळ. रियाधची असेल तर पहाटे तीनचा गजर.

वजनाचं म्हणाल तर मला 2005 चं कॉरालेस-कास्टियो विसरता येत नाही. मे महिन्यातली पहिली फाईट म्हणजे काय होती! दहाव्या राउंडला कॉरालेस दोनदा पडला, उठला, आणि त्याच राउंडला त्यानं कास्टियोला संपवलं. ऑक्टोबरमध्ये परत जुंपली. मर्यादा 135 पौंड, म्हणजे साधारण 61 किलो. कास्टियो भरला 138.5. आणि त्याच्या गोटातला डॉक्टर काट्याखाली पाय घालताना सापडला! डॉक्टर! कॉरालेस तरीही लढला आणि चौथ्या राउंडला नॉकआउट झाला. साडेतीन पौंड म्हणजे दीड किलोच्या वर. तेवढं ज्यानं उतरवलंच नाही तो ताजा, आणि ज्यानं नियम पाळला तो सुकलेला. मला हा सरळ अन्याय वाटतो.

पंचवटीची_आई
रेनकोटवर बोलायचंय म्हणून लिहिते आहे. पोळ्या टाकताना लिहिते, चुका समजून घ्या.

माझी मुलगी 48 किलोत खेळायची. वय पंधरा. स्पर्धेच्या आधी दोन आठवडे अर्धी भाकरी आणि काकडी. मी ताटात वाढायचे, ती हळूच भावाच्या ताटात सरकवायची. आम्हाला वाटायचं शिस्तीची आहे. चार महिने पाळी आली नाही तेव्हा मला कळलं. डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावल्या, बरोबरच रागावल्या. प्रशिक्षकांना सांगितलं तर म्हणाले, वरच्या गटात गेली तर जिल्ह्यातसुद्धा निवड होणार नाही.

आम्ही तिला 52 मध्ये नेलं. पहिल्या दोन लढती हरली. घरी आली की बोलायची नाही. मी पण रात्री जागी असायचे, आपण तिचं नुकसान केलं का म्हणून. सहा महिन्यांनी एक दिवस सरावाहून आली आणि म्हणाली, आई तिसऱ्या राउंडला मला दम लागत नाही गं आता. बस.

गोदाकाठ
ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. प्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी हे पोचायला हवं.

कॉलेजरोड_जॅब
आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मेरी कोम 2018 मध्ये पोलंडला पहाटे तीन-साडेतीनला पोचली, साडेसातला वजन, दोन किलो जास्त. तासभर दोरीवर उड्या मारून वजन उतरवलं आणि सुवर्ण जिंकलं. कुस्तीत अमन सेहरावतनं पॅरिस ऑलिम्पिकला दहा तासांत 4.6 किलो उतरवून कांस्य आणलं. हा खेळाचाच भाग आहे ना? ज्याला जमतं तो जिंकतो.

पंचवटीची_आई
दादा, मेरी कोम तेव्हा पस्तिशीची होती, तीन लेकरांची आई. तिच्यामागे वीस वर्षांचा सराव. माझी मुलगी दहावीला होती.

कॉलेजरोड_जॅब
हे मान्य आहे ताई. लहान मुलांच्या बाबतीत माझा शब्द मागे घेतो.

देवळाली_निवृत्त
फौजेत सतरा वर्षं बॉक्सिंग केलं, नंतर पोरांना शिकवलं. वजनाचे दोन प्रकार डोक्यात वेगळे ठेवा. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी वजन. व्यावसायिकमध्ये आदल्या दिवशी. पूर्वी तिथेही त्याच दिवशी असायचं. 13 नोव्हेंबर 1982 ला लास व्हेगासला कोरियाचा किम डुक-कू मॅन्सिनीसमोर चौदाव्या राउंडला पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या व्यावसायिक बॉक्सिंगच्या संघटनेनं पंधराचे बारा राउंड केले. त्याच दशकात वजनही आदल्या दिवशी होऊ लागलं, हेतू हा की पोरानं पाणी पिऊन, जेवून लढावं.

पण माणूस कसा आहे बघा. एक दिवस मिळतोय म्हटल्यावर लोक अजून जास्त वजन उतरवायला लागले. आज 61 किलोवर भरणारा उद्या रिंगमध्ये 67-68 चा असतो. समोरचा खरा 61 चा असेल तर त्यानं काय करायचं? म्हणून आयबीएफ या दुसऱ्या संघटनेनं लढतीच्या सकाळी पुन्हा वजन ठेवलं, गटाच्या मर्यादेपेक्षा 10 पौंडांवर जायचं नाही. मला विचाराल तर हाच नियम सगळ्यांनी घ्यावा.

माझ्या हाताखालच्या एका मुलाला मी 1999 मध्ये बंद खोलीत स्टोव्ह पेटवून बसवलं होतं. तो बेशुद्ध पडला. वाचला. आज त्याची स्वतःची मुलं आहेत. पण मी त्यानंतर कुठल्याही मुलाला दोन किलोच्या वर वजन उतरवायला लावलं नाही. चूक माझी होती, ती मी त्याच्या वडिलांच्या पाया पडून सांगितली.

डावखुरा_सातपूर
काका 🙏 हे सांगायला छाती लागते.

द्राक्षबाग
इकडे पाऊस सुरू झाला, कोणाकडे आहे का? पिंपळगावकडे गारा म्हणतायत.

रविवार_आधी_फाईट
गंगापूर रोडला नुसतं आभाळ. काळजी घ्या भाऊ.

@देवळाली काका, 10 पौंडांच्या अटीचं ताजं उदाहरण म्हणजे युबँक ज्युनिअर आणि बेन, एप्रिल 2025. तिथे करारातच ती अट होती. आणि युबँक 160 पौंडांच्या मर्यादेला 0.05 पौंडानं चुकला. हिशेब केला तर बावीस-तेवीस ग्रॅम, एका पेढ्याचं वजन. दंड पाच लाख डॉलर! फाईट जिंकला, पण नंतर दवाखान्यात. उलट रायन गार्सिया 2024 मध्ये हेनीसमोर 140 पौंडांऐवजी 143.2 भरला, हेनीला तीनदा खाली पाडलं, जिंकला, नाचला. पुढे उत्तेजक चाचणीत सापडला आणि निकालच रद्द झाला. हेनीनं खाल्लेले ठोसे कोण रद्द करणार?

म्हसरूळचा_पैलवान
आमच्या जत्रेच्या कुस्तीत काटाच नसतो. वस्ताद दोघांना समोर उभं करतात, खांदा बघतात, मान बघतात, हातात हात देतात. जोड लागली. नारळापासून इनाम सुरू. वजनावरून भांडण मी कधी पाहिलं नाही, निकालावरून मात्र दरवर्षी.

महाराष्ट्र केसरीचंच घ्या. 2020 ला आपल्या नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर जिंकला तेव्हा आम्ही रात्रभर गुलाल खेळलो. आणि फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरात शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, तीन वर्षांची बंदी. लाथ चूकच. पण पाठ टेकली नाही असं पोराला मनापासून वाटत असेल तर त्यानं दाद मागायची कुठे, तिथल्या तिथे? वर्षभराची मेहनत असते हो.

आणि विनेश फोगट. 7 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिम्पिक. काट्यावर 100 ग्रॅम जास्त, फायनलच्या आधीच बाद. आदल्या दिवशी तिनं सुसाकीला हरवलं होतं, जिला बाहेरच्या देशाच्या कोणी कधी हरवलं नव्हतं. त्या दिवशी तालमीत कोणी जोर मारले नाहीत.

चहा_घेतला_का
विनेशच्या वेळी मी नाशिकरोड स्टेशनवर होते. मोबाईलवर बातमी आली. बाकावर बसलेल्या एक अनोळखी आजी म्हणाल्या, बाई नख कापलं असतं तर? मी त्यांना काय सांगू. तिनं केससुद्धा कापले होते आजी. दोघी रडलो. गाडी चुकली.

नाशिकरोड_पॉइंट
निकालांवर लिहितो. विजेंदरची लढत, 5 ऑगस्ट 2017, वरळी. आम्ही चौघं सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं गेलो होतो. चीनचा मैमैतियाली दहा राउंड टिकला, आमचे श्वास वर. विजेंदर एक ते तीन गुणांच्या फरकानं जिंकला. आम्ही नाचलो, पण परतताना कसाऱ्याजवळ एकानं विचारलं, खरं सांगा, हाच सामना शांघायला असता तर? गाडीत कोणी बोललं नाही. नंतर विजेंदरनं सीमेवर शांतता राहावी म्हणून पट्टा परत द्यायची तयारी दाखवली, ते मला जिंकण्यापेक्षा मोठं वाटलं.

तेव्हापासून मी नियम केलाय. जवळची फाईट असली की आवाज बंद करून बघायची आणि प्रत्येक राउंडचे गुण वहीत लिहायचे, जिंकला त्याला 10, हरला त्याला 9. समालोचक ज्याच्या बाजूनं ओरडतात तिकडे आपलं मन जातं. कानेलो-गोलोवकिन 2017 माझ्या वहीत 115-113 गोलोवकिन. एका पंचाचे तेच. दुसऱ्याचे बरोबरीत. आणि तिसऱ्या पंच बाई, 118-110 कानेलो! लढत बरोबरीत सुटली. दहा राउंड कानेलोला कसे दिले हे मी तीनदा पाहूनही मला दिसलं नाही.

कॉलेजरोड_जॅब
निशांत देव, पॅरिस ऑलिम्पिक. मेक्सिकोच्या वेर्देसमोर पंचांनी 4-1 नं हरवला त्याला. आम्ही हॉस्टेलच्या खोलीत अकरा जण होतो. पहिला राउंड झाल्यावर पदक पक्कं म्हणून एकानं घरी फोनही केला होता. आता तो व्यावसायिक झालाय, जानेवारी 2025 ला लास व्हेगासला पहिली फाईट पहिल्याच राउंडला संपवली. नवीन मुलांमध्ये माझी नजर त्याच्यावर. डावखुरा आहे, अंतर सुंदर राखतो.

डावखुरा_सातपूर
डावखुरा म्हटलं की मी हजर 😊 शिफ्ट संपली.

मला इंग्लंडचा मोझेस इटाउमा आवडतो, तोही डावखुरा. हेवीवेट. ऑगस्ट 2025 ला व्हाइटला पहिल्याच राउंडला झोपवलं, वय विशीचं. आणि हेवीवेटला वरची मर्यादाच नाही, त्यामुळे पोरगं जेवून येतं! वजनाच्या दिवशी हसरा चेहरा फक्त हेवीवेटचा असतो, कधी लक्ष देऊन बघा. बाकी सगळ्यांचे गाल आत गेलेले, डोळे खोल.

माझा लिंबाचा किस्सा उद्या. डोळे मिटतायत.

देवळाली_निवृत्त
निशांतची पहिली तीन मिनिटं मीही पाहिली होती. पण तिसऱ्या राउंडला तो थकला होता, ते पण खरं. आपला मुलगा हरला की सगळे पंच चोर नसतात. 1988 ला सोल ऑलिम्पिकला अमेरिकेचा रॉय जोन्स हरला ते मात्र उघड होतं. 86 ठोसे त्याचे, 32 कोरियनचे, आणि निकाल 3-2 कोरियन. सर्वोत्तम बॉक्सरचा चषक त्याच जोन्सला. त्यानंतर 1992 ला यंत्रावर गुण आले.

@गोदाकाठ, तो मुलगा कोणाकडे शिकतो? चौकशी करा. मे महिन्यात रेनकोट म्हणजे जीव जाईल त्याचा.

गोदाकाठ
काका, आज मुद्दाम सहाला जाऊन बसलो. आला. रेनकोट होता. थांबवलं, आधी घाबरला. मी माझ्या मोबाईलवर 96 चा फोटो दाखवला, कापलेल्या केसांचा. मग बाकावर बसला. गट 57, वजन 59.4, निवड चाचणी चार दिवसांवर. पाणी कालपासून बंद. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, कोणी नाही, व्हिडिओत बघितलं.

शेजारच्या गाडीवरून ताक घेतलं. अर्धा ग्लास प्यायला, मग माझ्याकडे बघून उरलेलं. रेनकोट माझ्याकडे दिलाय. संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना भेटणार आहे, 60 च्या गटात नाव देता येतं का बघायला. तुम्ही याल का सोबत? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

देवळाली_निवृत्त
साडेपाचला बिटको चौकात उभा राहतो.

पंचवटीची_आई
माझा नंबर त्या मुलाच्या आईला द्या. आणि एक विचारायचं होतं, हाताच्या पट्ट्या मशीनमध्ये धुतल्या की दोरीसारख्या पिळून निघतात. काय करता तुम्ही?

डावखुरा_सातपूर
उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून गाठ मारा ताई, मग मशीनमध्ये. वाळल्या की घट्ट गुंडाळून ठेवायच्या, वेल्क्रो आतल्या बाजूला.