शाळेच्या सुरक्षेचा पैसा आधी कशावर घालायचा? कॅमेरे की अजून काही?

घंटा_झाली
पालक मिटिंगमध्ये सुरक्षेचा विषय निघाला की सगळे थेट सीसीटीव्हीवरच येतात. किती लावले, कुठे लावले, आम्हाला मोबाईलवर दिसणार का. माझं म्हणणं असं की कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. कुंभकोणमला २००४ मध्ये शाळेला आग लागली, स्वयंपाकाच्या जागेतली आग गवताच्या छपराला धरली आणि ९४ मुलं गेली, तिथे शंभर कॅमेरे असते तरी काय उपयोग झाला असता? आपल्या मुलांच्या शाळेत गेलात तर मागच्या जिन्याचं दार एकदा बघा. कुलूप असतं, समोर मोडकी बाकं रचलेली असतात, चावी शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलेला. आधी ते दार मोकळं करा, वायरिंग तपासा, मग कॅमेऱ्याचं बोलू.

दोन_पोरांचा_बाप
अजिबात पटलं नाही. आग रोज लागत नाही हो, पण चुकीच्या माणसासोबत पोरगं गेटबाहेर जाणं हे कुठल्याही दिवशी होऊ शकतं. माझ्या मुलीच्या बसमधला अटेंडंट पोरांवर खेकसायचा, कॅमेरा बसवल्यावर सुतासारखा सरळ झाला, म्हणजे धाक असतोच ना. आणि दारं मोकळी ठेवा म्हणताय, त्याच दाराने बाहेरचा कोणी आत शिरला तर जबाबदार कोण?

पाना_पक्कड
दादा, दार मोकळं म्हणजे सताड उघडं नाही. आडवा दांडा असलेली दारं मिळतात, आतून ढकललं की उघडतात, बाहेरून बंदच राहतात. थिएटरमध्ये बघितली असतील. खर्च आहे, पण कॅमेऱ्याचा पण आहेच की.
बाकी पहारेकरी वाढवा म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेत उवाल्डेच्या शाळेत २०२२ ला काय झालं ते आठवा. बाहेरचं दार शिक्षिकेने ओढून लावलं होतं पण लॉकच लागलं नाही. बंदूकधारी आत गेला, १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, आणि जवळपास चारशे पोलीस जमा होऊनही त्याच्यापर्यंत पोचायला ७७ मिनिटं लागली.

दोन_पोरांचा_बाप
@पाना_पक्कड हे तर माझ्याच बाजूचं झालं! लॉक लागलं असतं तर तो तिथेच अडकला असता. येण्याजाण्यावर कंट्रोल पाहिजे हेच तर मी म्हणतोय.

तासिका_पाचवी
मी शिकवते म्हणून लिहिते. ड्रिल करा ड्रिल करा सगळे सांगतात, ते करतं कोण तर आम्हीच, आणि ते फोटो काढण्यापुरतंच होतं कारण तारीख आधी कळलेली असते, पोरं दप्तर भरून तयार बसलेली असतात 😅 पण म्हणून अचानक खोटा हल्ला करून छोट्यांना रडवायचं, हेही मला मान्य नाही. मोठ्यांनी आधी ठरवायला हवं. जपानमध्ये ओकावाच्या शाळेत २०११ च्या त्सुनामीआधी मुलं मैदानात जवळपास ५० मिनिटं थांबली, मागे डोंगर होता तरी, कारण कुठे जायचं ते कागदावर नीट ठरलेलंच नव्हतं. १०८ पैकी ७४ मुलं गेली. शाळेची तयारी कमी पडली हा वरच्या कोर्टाचा निकाल २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टातही कायम राहिला.

मधली_सुट्टी
सगळे बाहेरच्या माणसावर आणि आगीवरच बोलताय. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आयकार्ड घालून गेटमधून आत आलेला. टॉयलेटमध्ये कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. मुलाने सांगायचं कोणाला हे तुमच्या मुलाला माहितीये का? आणि सांगितलं तर होतं काय, त्यालाच दुसऱ्या तुकडीत टाकतात, त्रास देणारा जागेवर. ते बघून बाकीची पोरं आपोआप गप्प बसायला शिकतात.

दोन_पोरांचा_बाप
ताई मुद्दा मान्य, पण मग पुरावा कुठून आणायचा? चार वर्षाच्या मुलाचं कोण ऐकतं? फुटेज असेल तर निदान शाळेला "तसं काही झालंच नाही" म्हणता येत नाही.

घंटा_झाली
हा मुद्दा तगडा आहे. फक्त शाळेला विचारा की फुटेज किती दिवस राहतं, बघायला रोज कोणी बसतं का आणि ते कोण. ऑफिसातला स्क्रीन अर्धा वेळ बंद असतो आणि त्यावर कॅलेंडर अडकवलेलं असतं. कॅमेरे काढा असं मी म्हणतच नाहीये, क्रम बदला म्हणतेय.

दोन_पोरांचा_बाप
विचारतो. मागचा जिनाही बघून येतो. पण मिटिंगमध्ये मत टाकायची वेळ आली तर पहिलं मत गेटलाच, ते बदलणार नाही.

पाना_पक्कड
जिन्याचा फोटो टाका मग इथे, दार आत उघडतं का बाहेर तेवढं बघा.