मुलांना आश्रमात न्यायचं, की मदत त्यांच्या दारात न्यायची?

सप्तलिंगी (देवरुख)

गणपतीत आमच्या वाडीच्या मंडळाची बैठक झाली, चाकरमानी आणि गाववाले सगळे होते. मंडळाकडे सव्वाचार लाख रुपये शिल्लक आहेत. ते गरीब मुलांसाठी वापरायचे, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र दोन तट पडले. मुंबईकर म्हणाले, तालुक्याला चार खोल्या भाड्याने घेऊ, दहा-बारा मुलं ठेवू, जेवण आणि शिकवणी एका छपराखाली होईल. पहिली मुलं म्हणून खालच्या वाडीतल्या एका विधवा बाईच्या तीन मुलांची नावंसुद्धा लिहून झाली. मी उठून विरोध केला. बैठकीत नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेला बोर्डीत, 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या लहान मुलांचं काम सुरू केलं. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना ओढून आणलं नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज गावागावात आपण 'अंगणवाडी' म्हणतो, त्या शब्दामागे हे चालत जाणं आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरं दिवसभर गुरांमागे असायची, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. मुली येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड. तर विकासवाडीत, म्हणजे त्यांच्या कोसबाडच्या संकुलात, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी-शेजारी ठेवली. भावंड पाळण्यात, थोरली वर्गात.

गरीब घराला मदत करायची म्हणजे त्या घराचा दिवस कसा जातो ते आधी पाहायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आपण मात्र मूल उचलायचं आणि घर तसंच सोडायचं ठरवतो आहोत. त्या आईचं काय?

निवृत्त मास्तर (दापोली)

ताई, अनुताईंबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. पण तुम्ही देवरुखच्या, म्हणून देवरुखचंच उदाहरण देतो. गोदूबाई जोशी ही तुमच्या गावची बालविधवा. तिला घर नव्हतं का? होतं. माणसंही वाईट नव्हती. पण त्या घरात राहून तिच्या वाट्याला काय आलं असतं ते सांगायला नको. भावाने, नरहरपंतांनी, तिला मुंबईला नेलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं. 1889 साली सदन उघडलं आणि ही तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढे 1893 मध्ये ती धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाली. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. कर्व्यांच्या आश्रमासाठी ती गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागली आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आली. एका घरातल्या दोन मुली. दोघी घराबाहेर पडल्या म्हणून माणसात आल्या.

1896 साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो याच अनुभवावर. आश्रम 1900 मध्ये हिंगण्याला गेला, तेव्हा ते पुण्यात शिकवून पायी तिथे जात. मदत दारात न्या म्हणता, पण दारच बंद असेल तर?

आणि लांब कशाला जायचं? इंदिराबाई हळबे, आपल्या मावशी, यांनी 1954 मध्ये देवरुखला दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. मातृमंदिराची ती सुरुवात. पुढे अनाथ मुलींसाठी 'गोकुळ' उभं राहिलं. त्या मुलींच्या कुठल्या अंगणात मदत नेऊन ठेवणार होतात?

सप्तलिंगी

मास्तर, गोकुळातल्या मुलींना मागे कुणी नव्हतं. या तीन मुलांना आई आहे. रोज सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाजारात जाते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

गिरणगाव ते गुहागर

वाचून राहवलं नाही. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, ताई अकराची. बाबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत आमच्याच गावचे वीस-बावीस गडी, पाळीप्रमाणे झोपणारे. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. त्यानंतर पोस्टमन आमच्या घरावरून पुढे जायला लागला. आई पडवीत उभी राहून त्याच्याकडे बघायची, तो मान खाली घालून जायचा. आई चिरेखाणीवर जायला लागली. जांभा डोक्यावरून वाहून वाहून तिची मान कायमची वाकडी झाली.

तेव्हा एका संस्थेचे लोक आले. चांगले लोक होते, आजही तसंच म्हणेन. म्हणाले, एका मुलाची सोय करतो. आईने ताईला पाठवलं. मला का नाही पाठवलं, हे मी आईला कधी विचारू शकलो नाही. ताईला दोन वेळचं जेवण मिळालं, ती शिकली, परिचारिका झाली. मी नववीत शाळा सोडली. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर मास्तरांचंच खरं.

पण ताई मे महिन्यात घरी यायची तेव्हा पाहुण्यासारखी बसायची. चुलीपुढे गेली तर आई म्हणायची, राहू दे, तुझे हात खराब होतील. आईला शेवटचं आजारपण आलं तेव्हा ताईने सगळं केलं, दिवसरात्र केलं. एका रात्री मला म्हणाली, 'मला हिच्याशी काय बोलायचं तेच कळत नाही रे.' संस्थेने आईला महिन्याला तेवढेच पैसे दिले असते तर आम्ही दोघंही शिकलो असतो का? मला माहीत नाही. पण चाळीस वर्षं हा प्रश्न माझ्याबरोबर आहे.

निवृत्त मास्तर

भाऊ, तुमच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो. आज एवढंच लिहितो.

चरीचा नातू (अलिबाग)

दोन्ही बाजू एकाच प्रश्नाभोवती फिरताहेत: दान कसं द्यायचं. मला आधी विचारायचं आहे की ही माणसं गरीब झाली कशी? कोकणात खोती होती. कसायचं कुळाने आणि पीक न्यायचं खोताने. वरून वेठ. त्याच खोताच्या घरून सणासुदीला कुळाच्या पोरांना जुने कपडे, मूठभर तांदूळ मिळायचे. आमच्या आजोबांना ते कपडे आठवायचे. मरेपर्यंत त्यांचा राग गेला नाही.

1933 मध्ये चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने जमीन कसायचं बंद केलं. 1939 पर्यंत संप चालला. पोरं उपाशी राहिली, लोक खाडीतली मासळी आणि रानातली लाकडं यांवर जगले. त्यांना कुठल्या आश्रमाने वाचवलं नाही. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि 1937 साली त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली 1949 मध्ये. कोकणातल्या गरीब मुलांच्या पोटात घास घालणारं सगळ्यात मोठं काम कोणतं विचारलंत तर मी हे सांगेन. धर्मादायाच्या इतिहासात ते कुणी लिहीत नाही.

मास्तर, आश्रमांची नावं घेताना हेही सांगा की त्यात कुणाच्या मुली होत्या. विधवेचं केशवपन आणि पुनर्विवाहाची बंदी हे दुःख प्रामुख्याने उच्चवर्णीय घरांतलं. वार लावून जेवायची सोयसुद्धा ठरावीक घरांतल्या मुलांनाच. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असं जेवून शिकलेल्यांच्या आठवणी आपण कौतुकाने सांगतो. कुणब्याच्या, महाराच्या पोराला कुणी वार दिला?

निवृत्त मास्तर

वारांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. माझे वडील वार लावून शिकले. त्यांच्या पंगतीला दुसऱ्या जातीचा मुलगा कधी नव्हता, हे त्यांनीच मला खंतावून सांगितलं होतं.

पण एक गोष्ट मान्य नाही. हक्काची लढाई सहा वर्षं चालते, विधेयकाचा कायदा व्हायला बारा वर्षं लागतात. तोवर आठ वर्षांचं पोर वीस वर्षांचं होतं. त्याला मधल्या काळात जेवायला कोण घालणार? कर्व्यांना त्यांच्याच गावाने, मुरुडकरांनी, पुनर्विवाहापायी वाळीत टाकलं. ज्या गावासाठी त्यांनी मुरुड फंड उभारला, तेच गाव. तरी ते गावाशी भांडत बसले नाहीत, समोरच्या मुलींची सोय लावत गेले. आणि ताईंच्या बाजूचाही एक पुरावा देऊन टाकतो, कारण लपवणं बरं नव्हे: याच कर्व्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 1936 मध्ये, जिथे शाळा नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी वर्गणी मागत फिरले. आश्रम काढणारा माणूस शेवटी खेड्याच्या दारातच गेला.

कणकवलीकर

माका थोडाच सांगूचा हा. आमच्याकडे अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 साली गोपुरी आश्रम काढलो. आश्रम म्हणजे पोरांका ठेवची जागा नाय, काम करूची आणि शिकूची जागा. स्वतः मैला साफ केल्यानी, लोकांका लाजेचा वाटणारा काम हातात घेतल्यानी. माणसाक दान नको, काम द्या, ह्या त्यांचा म्हणणा. तुमच्या सव्वाचार लाखांत त्या बायेक दोन म्हशी घेऊन दिल्यात तर?

रत्नदुर्ग (रत्नागिरी)

वकिली करते, बालकांच्या प्रकरणांत उभी राहते, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, निराधार मुलं ठेवायची म्हणजे नुसत्या चार खोल्या भाड्याने घेऊन भागत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली अशा संस्थेची नोंदणी लागते. हेतू कितीही चांगला असो, बिननोंदणीचं बालगृह हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचं तत्त्व असं, की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी कुटुंब.

दुसरं, राज्याची बालसंगोपन योजना आहे. वडील वारलेल्या मुलाला घरीच राहून दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो, निर्णय बालकल्याण समिती घेते. लागतात ते कागद: वडिलांचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचा दाखला, बँकेचं खातं. अडतं ते इथेच. एकेका दाखल्यासाठी तालुक्याला तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. पैसे थकतात तेही खरं, मध्ये मध्ये महिनोन् महिने येत नाहीत. तुमच्या मंडळाने त्या फेऱ्यांचा खर्च उचलला आणि रक्कम थकेल तेव्हा मधली भर घातली, तर थोड्या पैशांत बरीच घरं उभी राहतील.

चरीचा नातू

हे मला पटतं. हक्काचं मिळवून द्यायला मदत करणं हे दान नव्हे.

सप्तलिंगी

काल संध्याकाळी खालच्या वाडीत गेले. इतके दिवस आम्ही तिच्या मुलांबद्दल बोलतो आहोत आणि तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्याची लाज वाटली.

वहिनींनी चहा ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'धाकटी दोघं कुठे नको. रात्री ती जवळ नसली तर मला झोप लागायची नाही. पण थोरलीला दहावीनंतर तालुक्याला ठेवता आलं तर बघा. इथून एसटी सकाळी एकच, ती चुकली की दिवस गेला. आणि ती घरी असली की मीच तिला कामाला लावते, मला दिसतंय ते.'

म्हणजे मास्तर, एका घरात तुमचंही खरं निघालं. मृत्यूचा दाखला त्यांच्याकडे आहे, उत्पन्नाचा काढायचा आहे. सोमवारी मी त्यांच्याबरोबर तहसीलला जाते आहे.

निवृत्त मास्तर

थोरलीला कितवी? नववी असेल तर हातात दीड वर्ष आहे. माझे जुने विद्यार्थी दोन-तीन नोंदणीकृत मुलींच्या वसतिगृहांच्या कामात आहेत, विचारून ठेवतो. गणित कच्चं असेल तर सांगा, रविवारी फोनवर घेईन.

गिरणगाव ते गुहागर

ती वसतिगृहात गेली तर दर शनिवारी घरी येण्याचा एसटीचा खर्च माझ्याकडे. दर शनिवारी. मे महिन्याची वाट बघायला लावू नका.