राधिका सुभेदार तुमच्या मनातून नेमकी कधी उतरली?

मिरचीचं_देठ

परवा आईकडे अमरावतीला गेले होते. गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, मी, आई आणि शेजारच्या काकू देठं खुडत बसलो होतो. तेवढ्यात काकूंनी मोबाईलवर 'माझ्या नवऱ्याची बायको'चे जुने भाग लावले. म्हटलं वा, मजा येईल. दहा मिनिटं पण बघवेना हो! शेवटी गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून मी खाली निघून गेले, दूध वगैरे काही नव्हतं.

आणि हीच सिरीयल 2016 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा मी आठच्या आत होस्टेलवर पोचावं म्हणून क्लासचा शेवटचा अर्धा तास बुडवायची. कारण एकच, राधिका. तोपर्यंत टीव्हीवर आमच्यासारखं बोलणारं कोणी दिसलं तर ती कामवाली असायची नाहीतर हसवायला ठेवलेला गडी. इथे चक्क हिरोईन "काय करून राहिले" म्हणतेय, आणि तिचा नवरा त्याच बोलण्याची लाज वाटते म्हणून त्या शनायाच्या मागे लागलाय. मला तेव्हा पुण्यात होस्टेलवर मुली "ए नागपूर" म्हणून हाक मारायच्या (मी अमरावतीची आहे, पण पुण्याच्या पुढे सगळं नागपूरच). त्यामुळे राधिका मसाले करायला लागली तेव्हा तर मी रडले होते, खोटं कशाला सांगू. माझी आई पंधरा वर्षं घरी मसाला करून विकतेय.

पण मग काय झालं ते मला धड सांगता येत नाहीये. तिची तीनशे कोटींची मसाल्याची कंपनी झाली तिथे हसायला आलं, पण मनातून ती तिथे उतरली नाही, आणखी कुठेतरी उतरली. तुमचं कधी झालं असं? नेमकं कुठे?

कर्जत_लोकल

माझं तीनशे कोटींलाच झालं, मी अकाउंटवाला माणूस आहे, माफ करा 😄

हिशोब बघा. मसाला सहाशे रुपये किलो धरू. तीनशे कोटी ही वर्षाची उलाढाल म्हटली तर पन्नास लाख किलो मसाला विकावा लागतो, म्हणजे पाच हजार टन, म्हणजे दहा टनी ट्रकचे पाचशे ट्रक. आणि त्या ऑफिसमध्ये आपल्याला दिसायच्या किती जणी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गोडाऊन नाही, उधारी थकलेला दुकानदार नाही, खाण्याचा माल विकायला लागणारं एफएसएसएआयचं लायसन नाही, जीएसटी आला 2017 च्या जुलैमध्ये, आख्खा देश बोंबलत होता तेव्हा, या बाईंना एक रिटर्न भरायला उशीर झाला नाही. मीटिंग म्हणजे काय तर सगळ्यांनी टेबलाभोवती बसून गॅरीबद्दल (म्हणजे तिचा नवरा गुरुनाथ) बोलायचं.

बायको म्हणते तू सिरीयल बघतोस की ऑडिट करतोस. पण घरातून धंदा करणारी बाई दाखवताय ना, मग एकदा तरी पाकिटाचं सील नीट लागलं नाही म्हणून परत आलेला माल दाखवा की. त्यात पण ड्रामा असतो राव, आमच्याकडे तर रोज असतो.

खादाड_बोका

मी शनायासाठी बघायचो. शनाया करणारी रसिका सुनील गेली आणि तिच्या जागी ईशा केसकर आली तिथे पहिला ब्रेक, परत रसिका आली तोवर माझी सवय सुटली होती. राधिका मला पहिल्यापासून शाळेतल्या वर्गशिक्षिका बाईंसारखी वाटायची. निदान शनाया खोटं वागत तरी नव्हती, आयतं खायचंय आणि शॉपिंग करायचंय हे तोंडावर सांगायची.

अनघा_के

देठताई, तुम्ही जे शोधताय ना ते बहुतेक मला माहितीये, कारण माझं फार स्पष्ट झालं होतं. लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

2018 मध्ये माझी घटस्फोटाची केस चालू होती. तारखेच्या दिवशी कोर्टात सकाळपासून बसायचं आणि दुपारी कळायचं की आज नाही, पुढची तारीख घ्या. घरी आले की लेक विचारायची झालं का, आणि मी म्हणायची नाही गं, आणि मग आम्ही दोघी खिचडी घेऊन राधिका बघायला बसायचो. वकील बाईंनी जेवढा धीर दिला नसेल तेवढा तेव्हा त्या बाईने दिला. ती पदर खोचून कामाला लागायची ना, ते मला फार आवडायचं, मी दुसऱ्या दिवशी खरंच पदर नाही पण ओढणी खोचून बँकेत लोनचे कागद द्यायला गेले होते.

नंतर माझं सुटलं. सही केली, बाहेर येऊन लेकीबरोबर उसाचा रस प्यायले, आणि विश्वास ठेवा, दोन-तीन महिन्यांनी असे दिवस यायला लागले की मला नवऱ्याची आठवण सुद्धा यायची नाही. रागही नाही. कुठे राहतो, कोणाबरोबर राहतो, काही घेणंदेणं नाही. भाजी, लेकीचे गॅदरिंगचे कपडे, गाडीचा पीयूसी, यातच दिवस जायचा.

आणि राधिका? कंपनी झाली, सौमित्रसारख्या माणसाशी लग्न झालं, तरी बाई सकाळ-संध्याकाळ गुरुनाथ! त्याला धडा शिकवायचा, त्याचा डाव उलटवायचा, मग तो नवीन डाव टाकणार, मग परत हिने ओळखायचा. सौमित्र बिचारा शेजारी उभा राहून मान डोलावतोय. एक दिवस लेक म्हणाली, आई, हिचा डिव्होर्स झालाच नाहीये. सातवीत होती ती. मी टीव्ही बंद केला आणि परत लावला नाही.

म्हणजे माझा राग राधिकेवर नाहीये, तिला सोडवलंच नाही त्यांनी याचा आहे. नावातच आहे म्हणा. 'माझ्या नवऱ्याची बायको', त्यात तिचं स्वतःचं काय आहे? नवरा गेला तर सिरीयलच संपली असती.

कर्जत_लोकल

अनघाताई _/\_
सातवीतल्या पोरीने आख्ख्या सिरीयलचं ऑडिट केलं की.

विदर्भ_एक्सप्रेस

वऱ्हाडी अस्मितेबद्दल थोडं. देठताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ती भाषा पहिल्यापासून आपली नव्हतीच. अर्धी नागपुरी, अर्धी अमरावती-अकोल्याची, आणि भावनिक सीन आला की बाई एकदम स्वच्छ पुणेरी. आमच्या घरी मायले राग आला की ती जास्त वऱ्हाडी बोलते, कमी नाही! "काऊन बाप्पा, मले काय येडी समजला का" हे रागातच निघते ना. यांचं उलटं. हसवायचं असलं की बोली, रडवायचं असलं की प्रमाण मराठी. म्हणजे पुन्हा तेच झालं ना, जे तुम्ही गड्याबद्दल लिहिलं.

राधिका करणाऱ्या अनिता दातेचा दोष नाही, ती नाशिकची, तिने जेवढं उचललं तेवढं कौतुकच आहे, आणि तिचा 'तुंबाड' सिनेमा बघितल्यावर तर मी तिला काही बोलणारच नाही. पण सेटवर आमच्याकडची एखादी बाई नुसती बसवून ठेवली असती तरी फरक पडला असता.

आयोवाची_मावशी

सगळेच तुटून पडलात म्हणून बाजू घेते. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं, असं साडेचार वर्षं (2021 च्या मार्चपर्यंत चालली ती). टीआरपी पहिल्या नंबरवर असताना कोणता चॅनेल म्हणेल की चला आता हिला सुखी करून टाकू? ज्या आठवड्यात राधिका गॅरीला सुनावणार त्या आठवड्याची आमच्याकडेही वाट बघितली जायची. आपणच बघितलं ना ते.

आणि माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा बाहेर उणे वीस, घरात बोलायला कोणी नाही, मी दिवसभर कामावर. त्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या की अजून दहा वर्षं चालू दे. त्या राधिकेशी बोलायच्या, अक्षरशः, "अगं नको विश्वास ठेवू त्याच्यावर". मला ती सिरीयल कधीच आवडली नाही, पण तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

खादाड_बोका

सासूबाई बरोबर होत्या, विश्वास ठेवायला नकोच होता 😂

मिरचीचं_देठ

अनघाताई, दोनदा वाचलं. हेच होतं. आणि विदर्भ एक्सप्रेस दादा, तुमचं बोचलं पण खरं आहे, मी होस्टेलवर असताना मलाही असंच व्हायचं, गंमत करायची असली की आमची भाषा आणि सिरीयस बोलायचं असलं की पुण्याची. राधिकेला कशाला बोलू.

मावशी, तुमचंही पटलं, म्हणून काल आईला विचारलं. आई तेव्हा कांडपावरून आलेली, सगळ्या अंगाला मसाल्याचा वास, हात जळजळतात म्हणून खोबरेल तेल लावून बसली होती. म्हटलं, आई, तुला राधिका आवडायची ना गं? तर म्हणाली, आवडाची, पण तिच्या हाताले कधी तेल लावलेलं पाह्यलं नाई मी. एवढ्या मिरच्या आणि बाईच्या डोळ्यात पाणी फक्त नवऱ्यासाठी.

मग म्हणे, तू आता डबे पुसून दे, उद्या भरायचे आहेत.

कर्जत_लोकल

आईंचा मसाला कर्जतला कुरिअर होतो का? भाव सांगा, सहाशे धरला तो अंदाज होता माझा.

मिरचीचं_देठ

होतो की. साडेसहाशे, कुरिअर वेगळं. तिखट भिवापुरी मिरचीचं आहे, आधी अर्धाच किलो घ्या, झेपलं तर पुढचं. पत्ता मेसेजमध्ये टाका, इथे नको.