विमानातून टाकलेली पोती फुटत नाहीत का?

भूगोलवाल्या_बाई
नमस्कार मंडळी. बार्शीजवळच्या एका शाळेत आठवीला भूगोल शिकवते. परवा वर्गात दक्षिण सुदानचा एक व्हिडिओ दाखवला. विमान खाली येतं, मागचं दार उघडतं आणि पांढऱ्या पोत्यांचा पाऊस पडतो. पॅराशूट नाही, काही नाही. गाझाच्या बातम्यांत तर मोठमोठी पॅराशूटं होती. पोरांनी भंडावून सोडलं: "बाई, पोती फुटत नाहीत का? खाली माणसं असली तर? ट्रकनं का नेत नाहीत?" मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. इथं त्या कामातलं कुणी आहे का?

कोठारातला_उंदीर
बाई, मी होतो. एका मदत संस्थेत गोदाम आणि वाहतूक बघायचो. २०१७-१८, आधी दक्षिण सुदानची राजधानी जुबा, मग उत्तरेला युनिटी राज्यात. गाव मंगळवेढा, त्यामुळे एक गोष्ट पहिल्या दिवशीच ओळखली: त्या पोत्यांत बहुतेक वेळा ज्वारी असते. तिकडे दुरा म्हणतात. आंबवून पातळ किसरा करतात, नाहीतर घट्ट घाटा, त्याला असिदा म्हणतात. भाकरी थापणारं कुणी भेटलं नाही, म्हणून मीच थापायचो. वाईट व्हायची.

ट्रकचं आधी सांगतो. तिथली जमीन आपल्यासारखीच काळी, चिकट. मे-जूनला पाऊस लागला की ट्रक आसापर्यंत बसतो, आणि तो काढायला गेलेला ट्रॅक्टरही त्याच्या शेजारी बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत अर्ध्याहून जास्त देश रस्त्यानं तुटतो. उन्हाळ्यात रस्ता वाळला की चौक्या सुरू. रस्त्यावर आडवी दोरी, झाडाखाली बंदूकवाले. कधी सरकारचे, कधी बंडखोर, कधी कुणाचे ते विचारायचं नसतं. तरी रस्ता किंवा नाईलवरची मालाची होडीच परवडते. विमानाचा खर्च त्याच्या कैक पट, म्हणून ते अगदी शेवटी.

आता पोती. फुटतात, पण थोडी. ५० किलो धान्य एकात एक घातलेल्या दोन-तीन पोत्यांत असतं आणि बाहेरचं पोतं मुद्दाम मोठं, ढिलं ठेवतात. आपटल्यावर आतलं उसवलं तरी दाणा बाहेरच्यात राहतो. इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान दोन-तीनशे मीटरवर येतं, नाक जरा वर करतं, की पोती आपल्याच वजनानं मागून घसरतात. एका विमानात तीसेक टन. माणशी महिन्याला १५ किलो धरा, म्हणजे दोन हजार माणसांचा महिना. (पोरांना हे गणित घालायला हरकत नाही.) तेलाच्या डब्यांना मात्र छोटी पॅराशूटं लावावीच लागतात.

जे काही फुटतं तेही वाया जात नाही. विमान गेलं की बाया सुपं घेऊन मैदानात उतरतात आणि सांडलेलं झाडून, पाखडून नेतात. आपल्या खळ्यावरचं मातेरं गोळा करावं तसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजी दिसली.

सांजवारा
पण खाली माणसं असली तर? गाझात पॅराशूट न उघडल्यानं माणसं मेली होती ना?

कोठारातला_उंदीर
हो, मार्च २०२४ मध्ये पाच जण गेल्याची बातमी होती. तिथे मोकळं मैदानच नाही, सगळी दाट वस्ती. दक्षिण सुदानात विमानाच्या आधी हेलिकॉप्टरनं टीम जाते. आठवडाभर गावात राहून नावं लिहिते, मैदान ठरवते, मधोमध पांढरी फुली आखते. विमान येताना चारी बाजूंना माणसं उभी आणि एक जण रेडिओवर वैमानिकाशी बोलत. मैदान रिकामं आहे असं त्यानं म्हटल्याशिवाय एक पोतं पडत नाही.

माझ्या पहिल्याच वेळी एक गाय फुलीवर येऊन उभी राहिली. विमान घिरट्या घालतंय, रेडिओवाला घामाघूम. तिथल्या नुएर जमातीचा एक म्हातारा बाबा निवांत चालत गेला. ना हाक, ना काठी. तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत तिला घेऊन आला. तिकडे गायीपुढे इल्युशिनची काय पत्रास.

आणि गाझात काळी माती आडवी आली नव्हती हो. रस्ता होता, ट्रक सीमेवर रांगेत उभे होते. पुरेसे आत सोडत नव्हते. आकाशातून टाकायची वेळ का आली, हे दोन्ही ठिकाणी वेगवेगळं सांगा मुलांना.

खरं_बोलू_का
शेवटी सगळं बंदूकवालेच खातात. उगाच कौतुक.

कोठारातला_उंदीर
काही खातात, नाही कशाला म्हणू? जुलै २०१६ मध्ये जुब्यात लढाई झाली तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं गेलं, ४,५०० टनांच्या वर धान्य गेलं. पण 'सगळं'? फेब्रुवारी २०१७ मध्ये लीर आणि मायेनडिट या भागांत दुष्काळ जाहीर झाला. पाऊस कमी म्हणून नव्हे, लढाईमुळे. माणसं नाईलच्या दलदलीत बेटांवर लपून पाणकमळाचे कंद खात होती. त्यांच्यापर्यंत धान्य पोचत राहिलं आणि जूनपर्यंत तिथला दुष्काळाचा शिक्का उठला. भूक उठली नाही, पण दुष्काळ जाहीर करायच्या अटींतली एक दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू अशी असते साहेब. त्याच्या खाली येणं ही लहान गोष्ट नाही.

निवृत्त_फौजी
दक्षिण सुदानात मलाकालला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली पलटण होती, आपलं हॉस्पिटलही. ९ एप्रिल २०१३ ला तिथल्याच जोंगलेई राज्यात संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्याला संरक्षण देताना आपले पाच जवान शहीद झाले. बाई, तेही सांगा वर्गात.

आप्पा_माणदेशी
बहात्तरच्या दुष्काळात आम्ही अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकऱ्या खाल्ल्या. खडीकेंद्रावर सुकडी. चव विचारू नका.

कोठारातला_उंदीर
आप्पा, मिलो म्हणजे ज्वारीच की. जुब्याच्या गोदामात अमेरिकेचा शिक्का असलेली थप्पी होती. फोनवर वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "अजून संपली नाही होय ती?"

भूगोलवाल्या_बाई
सगळ्यांचे आभार. आज वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरचा एक कधी तोंड उघडत नाही, त्यानं विचारलं: रिकाम्या पोत्यांचं काय करतात?

कोठारातला_उंदीर
त्याला सांगा, ती मोजून मागतात लोक. दाराला पडदा, छपराला ठिगळ, खाली अंथरूण. लीरकडे एका पोराच्या पाठीवर पोत्याचंच दप्तर होतं, सुतळीचे बंद लावलेलं. आत एक वही, आणि मूठभर ज्वारी.